तेवढं एकच

ताईने वॉकर उचलून वीतभर पुढे ठेवला आणि पुन्हा चुकीचा पाय आधी टाकला.

"दुखरा आधी," मागून मुंगी म्हणाली. "वॉकर, दुखरा, चांगला. किती सोपं आहे, आत्या."

"सोपं आहे तर तू चाल."

"चालले असते. पण माझं हाड धड आहे ना."

ताईला हसू आलं. हसलं की तोल जातो, म्हणून तिने ते गिळलं. इस्पितळाचा बोळ लांबच लांब होता आणि फरशी नुकतीच पुसलेली. मुंगीचा एक हात तिच्या कमरेमागे होता. टेकलेला नव्हता, नुसता तयार होता. ही भावाची मुलगी. जन्मली तेव्हा दोन किलोंचीही नव्हती, म्हणून मुंगी. आता तेवीस वर्षांची मुंगी घरात सगळ्यांत उंच होती आणि प्रत्येक दारातून आत येताना सवयीने मान वाकवायची.

सहा आठवड्यांपूर्वी ताई कारखान्याच्या पायरीवरून घसरली. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. तिथे आता धातूची पट्टी आणि तीन स्क्रू होते. काठीशिवाय चालायला वर्ष लागेल, डॉक्टर म्हणाले होते, आणि कदाचित काठी कायमचीच. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची. मोठ्या टेबलावर थरावर थर अंथरलेलं कापड, खडूच्या रेषा, आणि दिवसभर उभं राहणं. ते काम आता संपलं, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं.

"इथे बस," मुंगीने तिला बाकावर बसवलं. "मी फाइल घेऊन येते. उठायचं नाही."

"उठून जाणार कुठे?"

मुंगी ढांगा टाकत निघून गेली. ताई तिच्या पाठीकडे बघत राहिली. ह्या पोरीची दोन महिन्यांपूर्वी निवड झाली होती. लांबच्या शहरात, कृत्रिम हातपाय बनवायचं दोन वर्षांचं शिक्षण. जागा अवघ्या बारा. निवडीची बातमी आली त्या दिवशी तिने ताईला उचलून गोल फिरवलं होतं आणि "माप घ्यायला तू शिकवलंस म्हणून" असं दहा वेळा म्हटलं होतं. मग ताई पडली. आणि परवा जेवताना मुंगीने, आणखी भात नको म्हणावं तसं, सांगून टाकलं होतं:

"मी नाही जात. सोमवारी कळवून टाकते."

ताईने घास खाली ठेवला होता. "वेडी आहेस का? जायचं. मी सांगते म्हणून जायचं."

"आजीपण तुला जा म्हणालीच असेल की. गेलीस का तू?"

ताईने ताट बाजूला सारलं होतं. भाऊ ताटात बघत राहिला होता.

कारण घरातली ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ताई सत्तावीस वर्षांची असताना एका मोठ्या नाटकमंडळीच्या पोशाखघरात तिची निवड झाली होती. तिने शिवून पाठवलेले तीन नमुने बघून त्यांनी बोलावलं होतं, दोन वर्षं शिकायला. आणि त्याच सुमारास आईला अर्धांगवायू झाला. धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा, अजून शिकत असलेला. वडील आधीच गेलेले. आईकडे बघायला नर्स मिळेना. ताई राहिली. अकरा वर्षं आईचं सगळं तिने केलं, भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. भावजय अकाली गेली तेव्हा नऊ वर्षांच्या मुंगीला तिनेच पदरात घेतलं. पाहुण्यांत ही गोष्ट निघाली की आवाज आपोआप खाली यायचे. कारखान्यात नव्या मुली आल्या की मुकादमबाई त्यांना आधी यंत्रं दाखवायच्या आणि मग ताई. मुंगीने सातवीत 'माझा आदर्श' ह्या विषयावर निबंध लिहिला होता आणि तो शाळेत वाचून दाखवला होता. बाई रडल्या होत्या म्हणे.

"आवाज ओळखीचा वाटला," शेजारून कुणीतरी म्हणालं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. उजवा हात झोळीत, केस कापसासारखे. पाठ मात्र सरळ, परेडला उभं राहावं तशी.

"तू त्या वळणावरच्या घरातली ना? आईला उजव्या बाजूला अर्धांग झालेलं?"

ताईने ओळखलं. ओळखू नये असं वाटण्याच्या आतच ओळखलं.

"नर्सबाई."

"बघ! नावं विसरते मी, रोगी नाही विसरत." नर्सबाई खूश झाल्या. "खांदा निखळला माझा. आयुष्यभर लोकांना उचललं, आणि निखळला कधी, तर कपाटावरचा डबा काढताना. तुझं काय?"

"पडले. खुबा."

"हं. चालावं लागेल. रडत रडत चालायचं, पण चालायचं." त्यांनी ताईच्या पायाकडे कामाच्या नजरेने बघितलं, मग चेहऱ्याकडे. "मी पुष्कळदा विचार करायचे हो तुझा. काय झालं होतं ग तेव्हा?"

"कधी?"

"तुझ्या आईने मला दोन वर्षांसाठी ठरवलं होतं. राहायला. खोली दाखवली, खिडकीपाशी खाट टाकून ठेवली होती माझ्यासाठी. मी दुसऱ्या घरचं काम नाही म्हणून कळवलंसुद्धा. आणि तुझ्या निघण्याला आठ दिवस होते की नाही, तू माझ्या दारात. म्हणालीस, आईने विचार बदलला, ती मला सोडत नाही, तुम्ही येऊ नका."

बोळातून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. एक चाक करकरत होतं.

"मला राग आला होता तुझ्या आईचा," नर्सबाई म्हणाल्या. "पोरीच्या पायात पाय घालते म्हणून. मग वर्षाने ती भेटली, इथेच, व्यायामाला आणायचात ना तिला. तू औषधं आणायला गेली होतीस. मी तिला म्हटलं, का हो, पोरीला का अडवलंत? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. तोंड वाकडं झालेलं, शब्द जड. म्हणाली, तुम्हीच नाही म्हणालात ना? माझी मुलगी म्हणाली, नर्सबाई येत नाहीत."

"मग?"

"मग काय? दोघी गप्प बसलो. काय बोलणार? तू औषधं घेऊन आलीस, आणि तिने तुला विचारलं, मिळाली का ग सगळी? एवढंच." नर्सबाईंनी झोळीतला हात जरा सारखा केला. "मी काही दोष देत नाही हो. वय तसंच असतं. फक्त कोडं होतं मनात."

मुंगी फाइल घेऊन येताना दिसली. ताईने पटकन वॉकर धरला.

"ही पुतणी माझी," ती म्हणाली. आवाज आपला वाटेना. "चल, मुंगी. नंबर लागला असेल."

"अजून दोघं आहेत पुढे."

"तरी चल."

नर्सबाईंनी मान वळवली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात राहिलेल्या बाईला कुठे थांबायचं ते कळतं.

*

त्या रात्री नाही, पण पुढचे चार दिवस ताई मनाने नर्सबाईंच्या त्या दाराशी जाऊन येत राहिली.

ती विसरली नव्हती. विसरली असती तर बरं झालं असतं. दार हिरवं होतं, घंटीची दोरी तुटकी. नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या होत्या आणि ताईने वाक्य पाठ करून नेलं होतं तसंच म्हटलं होतं. परत येताना तिला इतकं हलकं वाटलं होतं की वाटेत थांबून तिने एका दुकानातली काचेमागची बटणं बघितली होती, कितीतरी वेळ. घरी येऊन आईला दुसरं वाक्य सांगितलं. आई म्हणाली होती, "दुसरी बघू." आणि ती म्हणाली होती, "आता आठ दिवसांत कुठून मिळणार, आई? राहू दे. मीच राहते." आईने डाव्या हाताने तिचा गाल धरला होता.

पहिल्यांदा ती गोष्ट कुणाला तरी सांगताना, बहुतेक मामाला, तिची जीभ अडखळली होती. दुसऱ्यांदा कमी. मग लोकच सांगायला लागले, आणि ती फक्त मान खाली घालून बसायची. तिला सांगावंच लागेना.

खोटं बोलून ती अकरा वर्षं राहिली होती, पण ती अकरा वर्षं खोटी नव्हती. आईला कूस बदलून देताना, पाठीला पावडर लावताना, ती खरोखर तिथेच होती. हे ती स्वतःला चार दिवस सांगत राहिली. त्याने काही भागेना. कारण आईला वर्षभरातच कळलं होतं. म्हणजे त्या अकरांतली दहा वर्षं आई तिच्या हातून पाणी पीत होती, आणि जाणून होती. आईच्या डोळ्यांत तिला जे दिसायचं, ज्याला ती कृतज्ञता समजत आली, ते नेमकं काय होतं?

मुंगी सकाळ-संध्याकाळ तिला बोळात चालवत होती. वॉकर, दुखरा, चांगला. घरातला बोळ इस्पितळाएवढा लांब नव्हता. चौदा पावलांत संपायचा. वळताना मुंगी म्हणायची, "बघ, कालच्यापेक्षा छान." एकदा ती म्हणाली, "तू काठीवर आलीस की आपण दोघी बाजारापर्यंत जाऊ. पुढच्या वर्षी." ती हे आनंदाने म्हणत होती. तिच्या आवाजात कुठेही कुरकुर नव्हती, आणि ताईला तेच सोसेना. स्वतःचा आवाज तिने ओळखला. सत्तावीस वर्षांची असताना तीही अशीच आनंदाने बोलायची.

शनिवारी तिने आणखी एकदा करून बघितलं. "तुला तिथे जायला भीती नाही ना वाटत?" तिने विचारलं.

मुंगी चादर घडी करत होती. ती क्षणभर थांबली. अगदी क्षणभर.

"छे," ती म्हणाली. "भीती कसली? पण तुला टाकून जाणं मला जमणार नाही. ते तू मला शिकवलेलंच नाहीस."

*

रविवारी दुपारी तिघं जेवणाच्या टेबलाशी होती. भाऊ वॉकर उलटा करून त्याच्या पायांची झिजलेली रबरी बुचं बदलत होता. तो हवामान खात्यात होता. रोज लोकांना उद्याचं सांगायचा आणि घरात कालचंही बोलायचा नाही. मुंगी कळवायच्या पत्राचा मजकूर फोनवर लिहीत होती. मध्येच तिने विचारलं, "'कौटुंबिक कारणामुळे' पुरे ना, बाबा? की नीट लिहू?"

"नको लिहूस," ताई म्हणाली.

"आत्या, आता पुन्हा नको हं."

"नर्स मिळाली होती."

मुंगीने वर बघितलं.

"आईसाठी. मी जाणार होते तेव्हा. नर्स मिळाली नाही असं आपण म्हणतो ना, तसं नाही. मिळाली होती. चांगली होती. आईने खाटसुद्धा टाकून ठेवली होती तिच्यासाठी. मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, आई मला सोडत नाही. आणि आईला सांगितलं, नर्स येत नाही."

ताईने टेबलावरचा मीठदाणीचा डाग नखाने खरवडला. तो डाग नव्हता, लाकडाचाच रंग होता.

"पण का?"

"घाबरले."

"कशाला?"

"जायला."

मुंगी हसण्याच्या बेतात होती. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "तू हे मला पाठवायला म्हणून सांगतेयस. मी जावं म्हणून काहीही रचतेयस."

"बाळा, मी तेव्हा रचलं. आता नाही."

"बाबा?"

भावाने शेवटचं बूच दाबून बसवलं. वॉकर सुलटा करून जमिनीवर ठेवला, हलवून बघितला. डुगडुगत नव्हता.

"खरं आहे," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हे येईल असं ताईच्या ध्यानीमनी नव्हतं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"आईने. शेवटच्या आठवड्यात."

"काय सांगितलं?"

"हेच."

"आणखी काय म्हणाली?"

भावाने खिडकीबाहेर बघितलं. पुष्कळदा आभाळाकडे बघून तो असाच गप्प बसायचा आणि मग एका शब्दात सांगायचा, पाऊस किंवा नाही.

"म्हणाली, तिला कधी बोलून दाखवू नकोस," तो म्हणाला. "तिच्याकडे तेवढं एकच आहे."

मुंगी उभी राहिली. खुर्ची मागे सरकली ती भिंतीला आपटली.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं? आणि मी निबंध लिहीत होते?" तिचा आवाज चिरकला. "आणि बाबा, तुझ्या तीन बदल्या? तीन वेळा बढती सोडलीस, आत्याला एकटं टाकायचं नाही म्हणून. ते काय होतं मग?"

"त्याचं वेगळं आहे," भाऊ म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मला तरी कुठे जायचं होतं?"

मुंगी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, परक्या घरात चुकून शिरल्यासारखी. मग आत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं.

सोमवारी तिने येते म्हणून कळवलं.

*

मुंगी गेली त्या दिवशी ताईला जिने उतरता येत नव्हते, म्हणून निरोप दारातच झाला. मुंगीने तिच्या औषधांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं होतं. व्यायामासाठी एक बाई ठरवली होती. सगळं नीट, चोख, मापात. "काळजी घे," ती म्हणाली, आणि ताईला जवळ घेतलं. पण दोन महिन्यांपूर्वी उचलून गोल फिरवणारे ते हात नव्हते. खाली भावाने गाडी सुरू केली तो आवाज येईपर्यंत ताई दारात उभी होती.

घरात दोघंच उरली. भाऊ सकाळी कामावर जाताना चहा ठेवून जायचा, संध्याकाळी भाजी आणायचा. व्यायामाच्या बाई येऊन तिला दामटून चालवून जायच्या. मुंगीचा फोन बापाला यायचा, "आत्या कशी आहे?" असं ती विचारते, असं तो सांगायचा. ताईला तिचा फोन आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला.

एका संध्याकाळी दोघं मटार सोलत बसली होती. ताई म्हणाली, "आई गेली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते."

"हो."

"चाळिशीसुद्धा नव्हती उलटली."

भावाने शेंग उघडली, अंगठ्याने दाणे पातेल्यात सोडले.

"तू मला तेव्हा बोलला असतास," ती म्हणाली, "की ताई, मला माहीत आहे, पुरे झालं आता. तर मी चिडले असते. तुझ्याशी बोलले नसते वर्षभर. पण कदाचित गेले असते. नाटकमंडळीत नाही तर दुसरीकडे कुठेतरी. जाऊन तर बघितलं असतं."

"आईला शब्द दिला होता."

"हो. तेही खरंच."

"आणि मला वाटलं," तो अडखळला, "तुला सांभाळतोय आपण. आई सांभाळायची तसं."

ताईने पातेल्यात हात घातला आणि दाणे उगाचच एका बाजूचे दुसऱ्या बाजूला केले. इतकी वर्षं तिची समजूत होती की हे घर आपण पाठीवर घेऊन चाललोय. आजारी आई आणि अबोल भाऊ आपल्याला दोन्हीकडून धरून चालवताहेत, एक हात कमरेमागे, न टेकता, हे तिला एकदाही जाणवलं नव्हतं.

"माझं चुकलं," भाऊ म्हणाला.

"तुझं काय चुकलं? तू पोरगा होतास."

"तीस वर्षांचा होतो, ताई."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कानशिलांवर केस पिकले होते, चष्मा नाकावरून घसरला होता. त्याला कुठे जायचं होतं, कधी जायचं होतं का, हे तिने त्याला एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. उत्तर काय येईल ह्याची तिला भीती वाटली, आणि ती भीती तिने लगेच ओळखली.

मग तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "पहिल्या वेळी जायचं होतं. किनाऱ्यावरची वेधशाळा होती. नंतरच्या दोन वेळा नाही." आणि तो उठून टरफलं टाकायला गेला.

*

फोन आला तेव्हा तिसरा आठवडा संपत आला होता. संध्याकाळची वेळ, भाऊ अजून यायचा होता. ताई काठीवर नव्हती आली, पण वॉकर धरून एकटी स्वयंपाकघरापर्यंत जात होती. फोन वाजतोय तोवर तिथून परत यायचं म्हणजे घाई झाली, आणि घाईत तिने बरोबर दुखरा पाय आधी टाकला; हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"आत्या," मुंगी म्हणाली.

"बोल."

पलीकडे रहदारीचा आवाज होता. मुंगी कुठेतरी रस्त्यावर उभी होती.

"जेवलीस का?" ताईने विचारलं.

"सहा वाजलेत, आत्या."

"हो की."

ताई खुर्चीत बसली. बसताना दुखलं, तो आवाज तिने फोनपर्यंत जाऊ दिला नाही.

"मी तुझ्यावर चिडलेय अजून," मुंगी म्हणाली.

"असू दे."

"पण मला एक विचारायचंय. बाबाला विचारून उपयोग नाही." ती थांबली. "तुला नेमकी कशाची भीती वाटली होती? म्हणजे घाबरले म्हणालीस, पण कशाला? लोकांना? काम जमणार नाही ह्याला?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ताईने कान देऊन ऐकलं. त्या आवाजात चादरीची घडी करताना थांबलेला तो क्षण होता, आता क्षणभरापेक्षा मोठा झालेला. ही पोरगी रोज सकाळी कुठल्याशा खोलीत उठून बळ एकवटून शिकायला जात असणार, आणि हे कुणाला सांगावं ते तिला कळत नसणार. ज्यांनी हिंमत केली त्यांना विचारून भागत नसेल.

ताईला पटकन उत्तर देता आलं असतं. लोकांना, म्हणता आलं असतं. ती शोधत राहिली. कामाची भीती नव्हती. बेतणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तेव्हाही तिला ते माहीत होतं. एकटं राहण्याचीही नसावी. ती मागे मागे गेली, आणि शेवटी तिच्या हाताला जे लागलं ते इतकं लहान होतं की सांगायची लाज वाटली.

"त्यांचं पत्र आलं होतं," ती म्हणाली. "कसं यायचं ते लिहिलेलं. कुठली गाडी, किती वाजता. शेवटी होतं, स्टेशनातून बाहेर पडलं की चालत दहा मिनिटं. कुठल्या बाजूला, ते लिहिलं नव्हतं."

"मग?"

"मी रोज ते पत्र वाचायचे. आणि मला दिसायचं, मी सामान घेऊन स्टेशनाबाहेर उभी आहे, आणि डावीकडे जायचं की उजवीकडे ते मला माहीत नाही. रोज तिथपर्यंत यायचं आणि थांबायचं. पुढचं दिसायचंच नाही."

"कुणालाही विचारता आलं असतं."

"हो ग," ताई म्हणाली. "कुणालाही."

रहदारीचा आवाज येत राहिला. एक मोठी गाडी गेली, भोंगा वाजला.

"मी चुकीच्या बाजूला गेले होते," मुंगी म्हणाली. "पहिल्याच दिवशी. दोन बॅगा ओढत. पाऊण तास. भलत्याच गोदामांच्या गल्लीत जाऊन पोचले, आणि तिथे एका भिंतीशी बसून रडले. कुणाला सांगितलं नाही मी हे."

"मग काय केलंस?"

"मग काय? परत आले. स्टेशनापर्यंत. आणि दुसऱ्या बाजूला गेले."

"एवढंच?"

"एवढंच."

ताईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला घेतला. डोळे मिटले.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून, सावकाश. स्टेशनातून बाहेर आलीस, आणि?"